फोनवर मागितलेले मत आणि हातचा नमुना

मुंबईत मदनपुऱ्यात चामड्याच्या बॅगा बनविणारे एक कारागीर गेल्या वर्षी आमच्याकडे आले. गाळा लहान, मशिनी चार, पण हात असा की एकदा त्यांची बॅग घेतलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या हातात बॅग नव्हती, फोन होता. एका कंपनीच्या ॲपवर आवाहन आले होते : ऑफिसला नेण्याची बॅग कशी असावी, तुमची कल्पना पाठवा, निवडलेल्या कल्पनेला बक्षीस. त्यांनी आपल्या चार नव्या नमुन्यांचे फोटो पाठविले. त्यात पट्टा बॅगेला जोडण्याची एक खास तऱ्हा होती, जी त्यांनी तीन महिने खटपट करून बसविली होती. ॲपवर सगळ्यांची चित्रे सगळ्यांना दिसत होती आणि लोक पसंती देत होते. यांना पसंत्या पुष्कळ मिळाल्या, बक्षीस मिळाले नाही. सहा-सात महिन्यांनी एका मोठ्या दुकानाच्या काचेत त्यांनी तशीच बॅग पाहिली. पट्ट्याची जोडणी तीच.

"भाई, मी बॅग दिली नव्हती, फक्त फोटो दिला होता," ते आम्हाला म्हणाले.

आम्ही त्या ॲपच्या अटी काढून वाचल्या. बारीक इंग्रजी अक्षरांत, बोट सरकवून सरकवून थकावे एवढ्या. मधेच कुठेतरी लिहिले होते की सहभागी व्यक्तीने पाठविलेली चित्रे, कल्पना व सूचना कंपनीला कायमच्या, विनामूल्य व हव्या तशा वापरता येतील. त्याखाली 'मान्य आहे' हे बटण होते आणि ते आमच्या या उस्तादांनी दाबलेले होते. दुकानातली बॅग त्यांच्याच फोटोवरून बनली असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. तशी जोडणी दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे सुचू शकते. पण तक्रार करण्याचा रस्ता त्यांनी स्वतःच बंद करून घेतला होता, ही गोष्ट खरी.

ही हकीकत आधी सांगण्याचे कारण असे की मोबाईलवरून मत मागण्याचा हा प्रकार आता आपल्या वस्तीत, दुकानात, कारखान्यात सर्वत्र पोहोचला आहे. त्यापासून दूर राहा असे आमचे म्हणणे नाही. उलट, व्यापाऱ्याने तो समजून घ्यावा, वेळप्रसंगी स्वतःही वापरावा. फक्त एक भेद लक्षात ठेवावा लागतो. गिऱ्हाईक म्हणून दिलेले मत निराळे आणि कारागीर म्हणून दिलेला नमुना निराळा. साबणाचा वास कोणता आवडला हे सांगितल्याने आपले काही जात नाही. पट्टा कसा जोडला हे सांगितले तर आपला माल गेला.

मताची बाजारपेठ

पूर्वी कंपन्यांची मुले-मुली हातात कागद घेऊन दारोदार फिरत. घरात तेल कोणते, पावडर कोणती, महिन्याला किती लागते, असे प्रश्न असत. या कामाला माणसे लागत, प्रवासखर्च लागे, आणि अरुंद गल्लीतल्या तिसऱ्या माळ्यावर चढण्याचा कंटाळा करून फिरणारा मुलगा खालच्या दुकानातच चार कागद भरून टाकी. फोन आल्यावर हा खर्च गेला. गुगल कंपनीने 'ओपिनियन रिवॉर्ड्स' नावाचे ॲप २०१३ साली अमेरिकेत आणि २०१७ साली भारतात आणले. दोन-चार सोपे प्रश्न येतात, उत्तर दिले की काही रुपये खात्यात जमा होतात. परंतु अँड्रॉइड फोनवर ही रक्कम गुगलच्या प्ले स्टोअरमध्येच खर्च करता येते. त्यातून ॲप किंवा पुस्तक घ्यावे, किराणा नव्हे. आणि वर्षभरात वापरली नाही तर ती बुडते. अनेकांना हे ठाऊक नसते व ते रोख पैशाची वाट पाहत बसतात.

यातील एक प्रश्न दुकानदारांनी विशेष ध्यानात घ्यावा. फोनला ठिकाणाची परवानगी दिलेली असली की ॲप विचारते, 'यापैकी कोणत्या दुकानात तुम्ही अलीकडे गेला होता?' म्हणजे आपल्या दुकानात कोण येतो, केव्हा येतो आणि समाधानी होऊन जातो की नाही, याची नोंद आपण ठेवली नसली तरी दुसरा कुणीतरी ठेवत आहे. उधारीची वही जपणाऱ्या व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरा नेहमीचा प्रश्न घरातील वस्तूंचा असतो. फ्रिज आहे का, धुण्याचे यंत्र आहे का, मोटार आहे का, घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती. हे कशाला, म्हणून पुष्कळांना संशय येतो. यामागे एक कोष्टक आहे. २०११ साली बाजार-संशोधन करणाऱ्यांच्या व त्यांचे आकडे वापरणाऱ्यांच्या संस्थांनी मिळून भारतीय कुटुंबांची एक वर्गवारी ठरविली. अकरा वस्तूंची यादी, त्यातील किती घरात आहेत, आणि मुख्य कमावत्याचे शिक्षण, एवढ्यावरून घराला 'ए-१' पासून 'ई-३' पर्यंत बारापैकी एक पायरी मिळते. आता गंमत पाहा. कारकून पदवीधर आणि शेजारचा उस्ताद चौथी पास, दोघांच्या घरात वस्तू अगदी सारख्या, तरी उस्तादाची पायरी खाली. हुनर मोजण्याचा रकाना त्या कोष्टकात नव्हता. महाग माल खालच्या पायरीसाठी बनत नाही आणि त्याच्या जाहिराती तिथवर येत नाहीत. म्हणून या प्रश्नांना कंटाळून वाटेल ते उत्तर ठोकून देणे योग्य नव्हे. शिवाय खोटी उत्तरे पकडण्यासाठी अशा सर्वेक्षणांत फसवे प्रश्नही पेरलेले असतात, आणि जो अडकतो त्याला पुढचे प्रश्न येणे कमी होते.

चुकीच्या माणसाला विचारले तर

मत विचारल्याने माल सुधारतो का? सुधारतो, पण विचारायचे कुणाला हे कळले तर. दाढीच्या ब्लेडची जगप्रसिद्ध कंपनी जिलेट हिने २००२ साली भारतासाठी एक रेझर आणला. तो अमेरिकेत एका नामांकित तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना देऊन पाहिला होता, त्यांना तो पसंत पडला होता. भारतात मात्र तो चालला नाही. कारण साधे होते. त्या विद्यार्थ्यांच्या न्हाणीघरात नळाला धो धो पाणी होते, त्याखाली ब्लेडमधले केस धुऊन निघत. इकडे आपला माणूस वाटीभर पाणी घेऊन, आरसा टेकवून, जमिनीवर बसून दाढी करतो. त्या वाटीत ब्लेड बुचकळले की केस आतच अडकून राहत. विद्यार्थी भारतीय होते, पण त्यांचे पाणी भारतीय नव्हते!

मग कंपनीची माणसे इकडे आली, हजाराहून अधिक गिऱ्हाइकांना भेटली आणि त्यांच्या घरी बसून दाढी होताना पाहत राहिली. त्यातून २०१० साली 'जिलेट गार्ड' निघाला. भाग फार कमी, धुण्यास सोपा, रेझर १५ रुपयांस आणि बदलीचे ब्लेड ५ रुपयांस. हा माल खूप खपला. फोनवर प्रश्न विचारून वाटीतले पाणी दिसले नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ॲपवरचे सर्वेक्षण स्वस्त आहे, जलद आहे, पण जो प्रश्न विचारणाऱ्याला सुचलाच नाही त्याचे उत्तर त्यात येत नाही.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण याहून जवळचे. गोदरेज कंपनीने वीज कमी व जागा लहान असलेल्या घरांसाठी छोटा फ्रिज काढायचे ठरविले, तेव्हा २००८ च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतील शेकडो महिलांना एकत्र बोलावून नमुने दाखविले आणि त्यांच्याशी चर्चा केली. 'छोटूकूल' हा फ्रिज त्यातून घडला. वजन आठ किलोपेक्षा कमी, झाकण वरून उघडणारे म्हणजे थंडावा खाली सांडत नाही, कॉम्प्रेसर नाही आणि वीज गेली तर बॅटरीवर चालणारा. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. रचना खरोखर उत्तम होती. तरीही खेड्यातील घराघरांत तो अपेक्षेइतका गेला नाही. पुढे छोटे दुकानदार आणि शहरातील मोटारवाले हे त्याचे गिऱ्हाईक ठरले. बाईने "छान आहे" म्हणणे आणि बाईने पैसे मोजणे यांत अंतर असते. कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या कुणालाही हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

वाटा कुणाला, शाबासकी कुणाला

आता नुसत्या मताच्या पुढे जाऊन रचनेतच गिऱ्हाइकाला सामील करून घेणारे पाहू. चीनच्या शाओमी कंपनीने फोन विकण्यापूर्वी, २०१० साली, आपली फोनची प्रणाली शंभर हौशी लोकांच्या हाती दिली. ते दोष सांगत, कंपनी दर आठवड्याला दुरुस्ती करी. त्या मंडळींना कंपनीने नंतर मोठा मान दिला. आम्हाला या पद्धतीचे कौतुक वाटते, पण मान आणि मोबदला हे दोन निराळे शब्द आहेत.

डेन्मार्कची खेळणी बनविणारी लेगो कंपनी निराळा दस्तूर पाळते. आपली रचना कुणीही मांडावी, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, आणि माल बाजारात आला तर मूळ रचनाकाराला निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम मिळते. एक टक्का ही रक्कम लहान वाटेल, परंतु ती आधी ठरलेली आहे, लिहिलेली आहे आणि रचनाकाराचे नाव मालासोबत येते.

अमेरिकेतील क्वर्की ही कंपनी २००९ साली याहून उदार वायदा घेऊन आली. लोकांनी कल्पना पाठवाव्या, इतरांनी त्यात सुधारणा सुचवाव्या, कंपनीने माल बनवावा आणि विक्रीतून सर्वांना वाटा द्यावा. हवी तशी वाकणारी विजेची पट्टी ही त्यांची सर्वांत गाजलेली वस्तू एका विद्यार्थ्याच्या कल्पनेतून आली, आणि त्याला त्यातून चांगली कमाई झाली. पण कंपनीने दर आठवड्याला नवा माल काढण्याचा सपाटा लावला, त्यातला बराच पडून राहिला, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. वाटा देण्याचा करार कितीही चांगला असला तरी देणारा बुडाला की वाटेकरी रांगेत उभा राहतो. भागीदारीत जसे आपण समोरच्याची पत पाहतो, तशीच येथेही पाहावी.

नमुना दाखविण्यापूर्वी

भारतात वस्तूच्या रूपाचे, म्हणजे आकार, नक्षी, रंगसंगती यांचे संरक्षण डिझाइन्स कायदा, २००० याखाली मिळते. नोंदणी झाली की दहा वर्षे हक्क आणि मागितल्यास आणखी पाच वर्षे. एकट्या व्यक्तीने अर्ज केल्यास सरकारी फी हजार रुपये आहे. कापडाच्या एका गठ्ठ्याच्या हमालीवाहतुकीपेक्षा हे फार नाही.

परंतु या कायद्याची मुख्य अट पुष्कळांना माहीत नसते. अर्ज करण्याच्या तारखेपूर्वी ते डिझाइन भारतात किंवा परदेशात कुठेही जाहीर झालेले नसावे. फोटो सर्वांना दिसेल अशा ॲपवर टाकला, की डिझाइन जाहीर झाले असेच धरले जाण्याचा धोका. मदनपुऱ्यातील कारागिराचे खरे नुकसान हेच होते. दुसऱ्याने उचलले न उचलले, ते स्वतः आता त्या नमुन्याची नोंदणी बिनधोक करू शकत नव्हते.

कुणी म्हणेल, चित्र मी काढले, कॉपीराइट माझाच. येथेही एक मेख आहे. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, ते वापरून औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग बनले की त्यावरील कॉपीराइट संपतो, असे कॉपीराइट कायद्याचे कलम १५ सांगते. पन्नास नग म्हणजे आपल्या एखाद्या गाळ्यातील आठवड्याचे काम. यंत्रमागावर तर बोलायलाच नको. आणि पट्टा जोडण्याची तऱ्हा जर नुसती दिसण्याची नसून कामाची असेल, तर ती डिझाइनच्या कायद्यात बसत नाही. तो पेटंटचा विषय होतो, जो अधिक खर्चाचा व किचकट आहे. त्यासाठी जाणकाराला विचारावे, पण विचारेपर्यंत गप्प राहावे.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या विणकर बंधूंसाठी कायद्यात एक सवलत आहे. कापडाच्या नव्या डिझाइनची पहिली ऑर्डर गुप्ततेच्या बोलीवर घेतली, तर तेवढ्याने ते जाहीर झाले असे धरले जात नाही. तसेच विश्वासाने एखाद्याला दाखविले आणि त्याने विश्वासघात करून बाहेर फोडले, तरी आपला हक्क तेवढ्याने जात नाही. पण हे सिद्ध करावे लागते. म्हणून नमुना पाठविताना 'हा नमुना गुप्त आहे, फक्त ऑर्डर ठरविण्यासाठी दाखवीत आहे' एवढे दोन ओळींत लिहून, तारखेसह पाठवावे. व्हॉट्सॲपवरचा मजकूर असला तरी चालेल, तोंडी बोलणे नको.

पैसे देणारा पैसे मागत नाही

सर्वेक्षणाच्या नावाने चाललेल्या फसवणुकीबद्दल लिहिणे भाग आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त रक्कम येथेच गेलेली असते. आधी टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर निरोप येतो : हॉटेलला तारे द्या, चित्रफितीला पसंती द्या, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग 'मोठे काम' घेण्यासाठी आधी हजार भरा, मग पाच हजार, मग अडकलेली रक्कम सोडविण्यासाठी आणखी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शिफारशीवरून अशी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली, परंतु हे लोक नवे नाव घेऊन परत येतात. ओळख पटविण्याची साधी खूण अशी की खरे संशोधन करणारा तुम्हाला पैसे देतो किंवा देत नाही, पण मागत कधीच नाही. बँकेचा ओटीपीही मागत नाही. फसलेल्यांनी लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम वाटेतच थांबण्याची शक्यता अधिक.

वैयक्तिक माहितीबाबत २०२३ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. त्यातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगणारी सूचना इंग्रजीखेरीज आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत किंवा उर्दूतही, मागण्याची सोय असली पाहिजे. आणि संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. बारीक इंग्रजीचे बहाणे यापुढे कितपत चालतात ते दिसेलच.

आपणच का विचारू नये

इतके झाल्यावर उलट बाजू. हेच साधन आपल्या हातात आहे. व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०२२ पासून गटात मतदान घेण्याची सोय आली, बारापर्यंत पर्याय देता येतात, खर्च शून्य. मालेगावचे आमच्या परिचयाचे एक साडीचे कारखानदार आपल्या किरकोळ दुकानदारांच्या गटात किनारीचे दोन रंग टाकून मत मागतात. पहिल्या खेपेला बहुतेकांनी नव्या हिरव्या किनारीला पसंती दिली. त्यांनी त्या भरवशावर ताणा लावला आणि ऑर्डरी आल्या त्या जुन्या मरून किनारीच्या. "मत फुकट होते ना," ते हसून म्हणाले.

तेव्हापासून त्यांनी प्रश्न बदलला. 'कोणती आवडली' हे ते विचारत नाहीत. 'गेल्या महिन्यात तुमच्याकडे कोणती किनार आधी संपली, आणि कोणती अजून घडीत पडून आहे' हे विचारतात. नव्या रंगाचे मोजके नग काढतात आणि ज्याला हवे त्याने थोडा बयाणा द्यावा असे सांगतात. बयाणा आला तेवढीच पसंती ते खरी धरतात. परत आलेल्या मालाची कारणेही ते स्वतः फोन करून विचारतात, कारण लेखी उत्तरात दुकानदार 'चालली नाही' एवढेच लिहितो, आणि बोलता बोलता सांगतो की धुतल्यावर रंग उतरला. आणि नवी नक्षी असेल तर ती गटात मुळीच टाकत नाहीत. आधी अर्ज, मग दोन-तीन जुन्या विश्वासू घरांना गुप्त म्हणून नमुना, आणि गटात शेवटी.

मदनपुऱ्याच्या आमच्या उस्तादांनीही यंदा नवा फर्मा कापला आहे, या खेपेस मुलींच्या कॉलेजच्या बॅगेचा. अर्जासाठी लागणारी छायाचित्रे काढून झाली आहेत. पावती हाती येईपर्यंत त्या बॅगेचा फोटो कुणी स्टेटसवर ठेवायचा नाही, असे त्यांनी गाळ्यातल्या पोरांना बजावून ठेवले आहे.